बालगृहातली मुलं (ग्रामीण विदर्भ)

बालगृहातली मुलं म्हणजे कायद्याच्या भाषेत काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली, १८ वर्षांच्या आतली मुलं, ज्यांना घर नाही किंवा आहे पण तिथं ठेवणं धोक्याचं आहे. गावात मात्र बालगृहाला अजूनही 'रिमांड'च म्हणतात, पोट्ट्यानं लय त्रास दिला की "थांब, तुले रिमांडमंदी टाकतो" हे वाक्य वऱ्हाडात घरोघरी ऐकू येतं, आणि त्यामुळे लोकांना वाटतं की तिथं चोऱ्या करणारी मुलं कोंडून ठेवतात. तसं नाहीये. गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांसाठी निरीक्षण गृह वेगळं आणि बाल न्याय मंडळ वेगळं. आदिवासी विकास विभागाची आश्रमशाळा तर यात येतच नाही, ती शिक्षणाची सोय आहे, तिथलं पोरगं दिवाळीला पिशवी घेऊन घरी जातं. बालगृहातलं पोरगं बाल कल्याण समितीच्या ऑर्डरशिवाय कुठंच जात नाही.

आज जो चालतो तो २०१५ चा बाल न्याय अधिनियम, १५ जानेवारी २०१६ पासून लागू झालेला. मुंबई इलाख्यात १९२४ पासून बालक कायदा होता पण विदर्भ तेव्हा मुंबईत नव्हताच, मध्य प्रांताचा आपला कायदा १९२८ चा. आता प्रत्येक जिल्ह्यात बाल कल्याण समिती असते, एक अध्यक्ष आणि चार सदस्य, मूल सापडल्यापासून प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत त्यांच्यासमोर न्यावं लागतं, १५ दिवसांत घरची चौकशी आणि ४ महिन्यांत अंतिम आदेश. कागदावर हे सोपं वाटतं. पण सिरोंच्याहून जिल्ह्याचं गाव गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, पावसाळ्यात नाला भरला की रस्ताच बंद, मग ज्या आजीला "ओळख पटवायला या" म्हणून निरोप जातो तिनं दोन दिवसांची मजुरी बुडवून यायचं आणि त्या दिवशी समिती बसली नसेल तर परत जायचं. मेळघाटातल्या धारणीवरून अमरावतीला येणाऱ्यांची गोष्ट फार वेगळी नाही.

मुलं येतात तरी कुठून? काही बडनेरा, वर्धा, गोंदिया, बल्लारशाच्या प्लॅटफॉर्मवर सापडतात. काही पोरींचं लग्न ऐन मांडवात थांबवलेलं असतं (गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवकच, त्याला त्याच गावात राहायचं असतं हे लक्षात घ्या), काही पारध्यांच्या बेड्यावरची म्हणजे वस्तीवरची, काहींचा बाप दारूत गेला, काहींचा फवारणीच्या डब्यानं. शेतकरी आत्महत्येच्या घराला सरकारकडून १ लाख मिळतात, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेव म्हणून, तेही प्रकरण 'पात्र' ठरलं तर. अपात्र ठरलं तरी त्या घरातली लेकरं तेवढीच पोरकी असतात. म्हणून 'अनाथालय' हा शब्द तसा चुकीचाच आहे. केंद्र सरकारनं देशातल्या ९,५८९ संस्थांची पाहणी केली, तिचा अहवाल २०१८ मध्ये आला, त्यात साडेतीन लाखांहून जास्त मुलं होती आणि अनाथ मुलांपेक्षा आई किंवा बाप जिवंत असलेली मुलं कितीतरी जास्त निघाली. म्हणजे माय आहे, पण मायजवळ दोन वेळचं नाही.

तब्येत

पहिल्या काही महिन्यांत फरक डोळ्यांना दिसतो. तीन वेळचं जेवण वेळेवर मिळतं, खरूज जाते, उवा जातात, जंताची गोळी पोटात जाते, वजन वाढतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते, तिच्यातले डॉक्टर दात, कान, डोळे, हृदयाचं बघतात. इथपर्यंत ठीक चालतं.

गाडं अडतं ते जुन्या माहितीवर. लसीचं कार्ड गावात मातीच्या भिंतीतल्या कोनाड्यात राहिलेलं असतं, लेकराला आधी कोणता आजार होता हे सांगणारं कोणी सोबत नसतं. विदर्भात याचं सगळ्यात मोठं उदाहरण सिकलसेल, रक्ताचा आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळ, अमरावती या पट्ट्यात आदिवासी आणि दलित समाजात हा आजार बराच आहे, आईबापाकडून येणारा आहे, आणि आईबापाचाच पत्ता नाही तर तपासणीशिवाय कळणार कसं. आधी रक्ताची साधी सोल्युबिलिटी टेस्ट, ती पॉझिटिव्ह आली की इलेक्ट्रोफोरेसिस ही पक्की तपासणी, त्यातनं कळतं की मूल नुसतं वाहक आहे की खरंच आजारी. हे केलं नाही तर काय होतं? डिसेंबरात पहाटे थंड पाण्यानं आंघोळ, नाहीतर मे महिन्यात ४५ डिग्रीत पाणी कमी पिणं, एवढ्यानंही हाडं दुखायला लागतात आणि लेकरू अंथरुणातून उठत नाही. काळजीवाहक बाई म्हणते शाळेत जायचं नाही म्हणून बहाणे करते. बाई वाईट नसते हो, तिच्याकडं कागद नसतो. ज्या बालगृहात दाखल होतानाच हा रिपोर्ट फाईलला लागतो तिथं फॉलिक ॲसिडची गोळी, लागलं तर हायड्रॉक्सीयुरिया, आणि हिवाळ्यात गरम पाणी एवढ्यावर मूल बऱ्यापैकी शाळेत जातं.

मनाचं दुखणं याच्याहून अवघड. गादी ओली करणं, उशीखाली पोळी लपवून ठेवणं, कोणी जवळ आलं की अंग चोरणं, किंवा उलट, आलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या मांडीवर जाऊन बसणं, जे बघून देणगीवाले म्हणतात की किती लाघवी आहे, पण ते लाघवीपण नाही, एक माणूस पक्का नसला की मूल कोणालाही धरतं. रोमानियात बुखारेस्ट शहरात २००० साली यावर एक मोठा अभ्यास सुरू झाला, १३६ लहान मुलं, अर्धी संस्थेतच राहिली आणि अर्धी चिठ्ठी टाकल्यासारखी निवडून पालक कुटुंबात दिली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी आणि जिव्हाळा दोन्ही जास्त वाढले, आणि त्यातही जी दोन वर्षांची व्हायच्या आत गेली त्यांचं जास्त चांगलं झालं. आपल्याकडं त्याच वयाची मुलं विशेष दत्तक संस्थेच्या शिशुगृहात असतात. सहा वर्षांची झाली की बालगृहात, म्हणजे बाई बदलली, पलंग बदलला, बरेचदा गावही बदललं. बहीण-भाऊ असले तर तिचं बालगृह वेगळं आणि त्याचं वेगळं, राखीला भेट घडवून आणतात आणि फोटो काढतात.

शाळा

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्यानं वयानुसार वर्ग मिळतो. म्हणजे अकरा वर्षांचं पोरगं, जे कधी वीटभट्टीवर तर कधी कापूस वेचायला मायसोबत फिरलं, ते सरळ पाचवीत. वाचता येत नाही. मेळघाटातलं असलं तर घरची बोली कोरकू, भामरागडचं असलं तर माडिया, आणि गुरुजी बोलतात पुस्तकी मराठी, मग ते पोरगं मागच्या बाकावर गप्प बसतं आणि शेरा पडतो 'मंद'. यातली निम्मी मंद नसतात असं माझं मत आहे, त्यांना वर्षभर कोणी शेजारी बसून वाचायला शिकवलेलंच नसतं. जिथं संध्याकाळी एखादी रिटायर्ड बाई रोज येते आणि वर्षानुवर्षं तीच येते तिथला फरक बघा जरा.

दुसरी अडचण टीसीची. आधीच्या शाळेचा दाखला आल्याशिवाय ऑनलाईन नाव ट्रान्सफर होत नाही, मूल वर्गात बसतं पण रेकॉर्डवर जुन्याच गावात असतं. जन्मतारीख माहीत नसली तर डॉक्टर वयाचा अंदाज देतात. (आपल्याकडं १ जून ही तशीही अर्ध्या गावाची जन्मतारीख आहे, गुरुजींची कृपा.) मांडवातून आणलेल्या पोरींचं तर दहावीचं वर्ष हमखास अडकतं, समिती चौकशी करेपर्यंत फॉर्म भरायची तारीख निघून जाते, आणि नापास झालेली पोरगी घरी गेली की पुन्हा स्थळं बघणं सुरू.

घरीच ठेवायचं असेल तर

संस्था हा शेवटचा उपाय, असं कायदाच म्हणतो. त्यासाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलंय, आई, आजी, मामा कोणीही सांभाळत असेल तर मुलामागं महिन्याला २,२५० रुपये. आधी ४२५ होते, मग ११००. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून ४,००० मिळतात पण ग्रामीण भागात घरचं वार्षिक उत्पन्न ७२ हजारांच्या आत पाहिजे. एक मूल संस्थेत ठेवायलाही खर्च येतोच, तोच पैसा आजीच्या खात्यात वेळेवर पडला तर पोरगं गावच्याच शाळेत राहील, हे साधं गणित. पण हप्ता सहा-आठ महिने रखडतो आणि किराणा दुकानदार तेवढे दिवस थांबत नाही, मग आजीच म्हणते, "न्या बाप्पा याले, तिथं निदान खाईन तरी."

अठरा झाल्यावर

१८ पूर्ण झाले की बालगृह संपतं. पुढं २१ पर्यंत अनुरक्षणाची म्हणजे राहण्याची-शिकण्याची मदत मिळू शकते, खास कारण असलं तर २३ पर्यंत. घरातलं पोरगं अठराव्या वर्षी मायकडं पैसे मागून नागपूरला आयटीआय करतं, बालगृहातून निघालेल्याला रूम भाड्यानं घ्यायला जामीन राहणारा माणूसही नसतो. राज्यात २०१८ पासून अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण आहे, ती मोठी गोष्ट झाली, पण त्याला अनाथ प्रमाणपत्र लागतं आणि ते महिला व बालविकास विभागाकडून संस्थेत असतानाच काढून घेतलेलं बरं, बाहेर पडल्यावर जुन्या फाईली कोण शोधून देणार. बँक खातं, आधार, जातीचा असेल तर तो दाखला, लसीचं आणि सिकलसेलचं कार्ड, सगळं एका पिशवीत हातात देणारे अधीक्षक आहेत, मी बघितलेत.

मतिमंद, अंध, मूकबधिर बेवारस मुलांचं काय, याचं एक उत्तर अचलपूर तालुक्यात परतवाड्याजवळ वझ्झरला बघायला मिळतं. शंकरबाबा पापळकरांनी तिथं अंबादासपंत वैद्य बालगृहात अशी शंभरावर मुलं आपलं आडनाव लावून वाढवली, त्यांना २०२४ ला पद्मश्री मिळाली. १८ नंतर या मुलांना बाहेर काढायचा नियम बदला, ही त्यांची वर्षानुवर्षांची मागणी आहे. त्यांनी स्वतः कोणत्याच मुलाला बाहेर काढलं नाही, कित्येकांची लग्नं लावून दिली, आणि रेल्वे स्टेशनवर टाकून दिलेली एक अंध मुलगी तिथंच वाढून एमपीएससीची परीक्षा पास झाली.