वळणावर ऑइल जातं कुठे?

ट्रॅक-डेला, म्हणजे स्वतःची गाडी रेस-ट्रॅकवर पळवायच्या दिवसाला, निघालेल्या गाडीला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे "जाड ऑइल भर, प्रेशर पडणार नाही." या सल्ल्यापायी चांगली इंजिनं बाद होतात. लांब वळणावर प्रेशर पडतं ते ऑइल पातळ असतं म्हणून नव्हे, तर ते पंपाच्या तोंडाशीच नसतं म्हणून. पंप तेव्हा हवा ओढत असतो. जाड ऑइलने उलट पंचाईत वाढते, कारण इंजिनाच्या वरच्या भागात, हेडमध्ये, गेलेलं ऑइल खाली उतरायला जास्त वेळ घेतं. बाटलीत मिळणाऱ्या महागड्या अ‍ॅडिटिव्हचंही तेच: पंपाच्या तोंडाशी काहीच नसेल, तर त्यात काय मिसळलंय याला अर्थ नाही.

इंजिनाच्या तळाशी ऑइलचा चेंबर असतो. त्यात पंपाची नळी उतरते आणि नळीच्या तोंडाला जाळी असते. गाडी वळली की ऑइल वळणाच्या बाहेरच्या बाजूला चढतं. किती चढतं, ते शाळेतली त्रिकोणमिती सांगते: आडव्या त्वरणाला गुरुत्वत्वरणाने भागलं की उताराच्या कोनाचा टॅन मिळतो. रस्त्याच्या चांगल्या टायरवर 0.8 जी (गुरुत्वत्वरणाच्या 0.8 पट) मिळतं, म्हणजे 39 अंश. ट्रॅकसाठीच्या जास्त पकडीच्या सेमी-स्लिक टायरवर 1.1 जी मिळालं, तर जवळजवळ 48 अंश. 30 सेंमी लांबीच्या चेंबरमध्ये 0.8 जीला दोन टोकांच्या पातळीत 24 सेंमी फरक पडायला हवा, पण चेंबरची खोली त्याच्या निम्मीच असते. म्हणून ऑइल भिंतीवरून वर क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या भागात, जातं आणि दुसरं टोक कोरडं पडतं. बॉडी बाहेरच्या अंगाला कलते, तो कोन यात मिळवायचा. ट्रॅकला बँकिंग, म्हणजे वळणाच्या आतल्या बाजूला उतार, असेल तर तो कोन वजा करायचा. टायर बदलल्यावरच हा त्रास का सुरू होतो, ते यावरून कळेल.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक हॅचबॅकमध्ये इंजिन आडवं बसवलेलं असतं. चेंबरची लांब बाजू त्यामुळे गाडीच्या रुंदीला समांतर येते आणि वळण सर्वांत वाईट ठरतं. उभ्या इंजिनात तोच धोका ब्रेक मारताना असतो. वेळही मोजावा लागतो. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर दहाव्या-अकराव्या वळणांचं लांबलचक उजवं वळण संपता संपत नाही. तिथे ऑइल डावीकडे गेलं की तिथेच राहतं.

आत काय होतं? क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा, बेअरिंगला टेकून फिरत नाही, तो ऑइलच्या काही मायक्रॉनच्या थरावर तरंगतो. हा थर पंपाच्या प्रेशरने उचलला जात नाही. क्रँक स्वतःच्या वेगाने ऑइल निमुळत्या फटीत ओढतो आणि तिथे पंपाच्या कित्येक पट दाब तयार होतो. पंपाचं काम एवढंच, की बेअरिंगच्या कडांतून गळून जाणारं ऑइल सतत भरून द्यायचं. हवा आली की भरणा थांबतो. 6000 आरपीएमला दोन सेकंद म्हणजे 200 फेरे. बेअरिंगचा मऊ थर पुसला जातो, मग ते गरम होऊन क्रँकला चिकटतं, आपल्या जागेवरून फिरतं आणि ऑइलचं भोक बंद करतं. बहुधा बिग एंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं क्रँकवरचं बेअरिंग, आधी जातं. प्रत्येक वळणाला थोडं थोडं झिजत जाणारं हे नुकसान एकाच दिवसात दिसेलच असं नाही.

डॅशबोर्डचा लाल दिवा इथे उपयोगाचा नाही. तो प्रेशर अर्ध्या बारच्या आसपास उतरल्यावरच लागतो. 0 ते 10 बारचा प्रेशर सेन्सर टी (तीन तोंडांचा जोड) जोडून बसवा. जपानी गाड्यांत त्या जागचे आटे सहसा एक अष्टमांश बीएसपीटी या ब्रिटिश मापाचे, इंचाला 28. एनपीटी या अमेरिकन मापाचे 27. एनपीटीचा सेन्सर त्यात लावला तर पहिले दोन फेरे सहज बसतात, पुढे जोर लावला की अ‍ॅल्युमिनियमचं हाऊसिंग तडकतं.

तीन लिटरच्या चेंबरमध्ये वरच्या खुणेपेक्षा 250 मिली जास्त ऑइल हा सर्वांत स्वस्त उपाय. त्याहून पुढे जायचं तर जपून: क्रँक ऑइलला लागला की फेस होतो आणि ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ऑइल हवा आत घेणाऱ्या इनटेकमध्ये जातं, म्हणून ते वाटेत अडवणारा डबा, कॅच कॅन, हवाच.

महागडा अ‍ॅक्युम्युलेटर, म्हणजे दाबलेल्या हवेच्या जोरावर ऑइल साठवून प्रेशर पडलं की परत देणारी टाकी, आधी घेऊ नका. बॉइलचा नियम (हवेचा निरपेक्ष दाब गुणिले आकारमान कायम राहतं) लावून बघा. दोन लिटरच्या टाकीत आधीची हवा अर्धा बार, म्हणजे वातावरणाचा एक बार धरून निरपेक्ष दीड. इंजिनाचं प्रेशर चार, निरपेक्ष पाच. हवा 0.6 लिटरवर दबते, ऑइल 1.4 लिटर भरतं. प्रेशर दीड बारवर येईपर्यंत त्यातलं 0.6 लिटरच बाहेर येतं. मिनिटाला 30 लिटर खपत असेल, तर हे सव्वा सेकंदाचं काम.

खरा उपाय बॅफल, म्हणजे ऑइल जाळीपाशी अडवून धरणाऱ्या चेंबरच्या आतल्या भिंती. त्याला पत्रा आणि वेल्डिंगची मजुरी एवढाच खर्च. लोखंडी चेंबर उतरवा, 2 मिमी पत्र्याच्या चार भिंती जाळीभोवती उभ्या करा आणि वरून झाकण घाला. नळीसाठी भोक 10 मिमी मोठं ठेवा. भिंतींना आतल्या बाजूनेच उघडणारी झडप लावा, म्हणजे ऑइल आत येईल, बाहेर जाणार नाही. झडपेची पिन टोकाला ठोकून पक्की करा. नट-बोल्ट सुटला तर तो इंजिनातच फिरणार. तळाशी छोटे खाच हवेत, नाहीतर बदलताना जुनं ऑइल आतच अडकेल. झाकणावर आणि जाळीखाली मऊ मातीचे गोळे ठेवून चेंबर एकदा बसवून काढा. जाळी आणि तळात 6 ते 10 मिमी अंतर राहायला हवं, आणि क्रँक फिरवून पाहिल्यावर कनेक्टिंग रॉडचा ठसा मातीवर दिसता कामा नये.

वेल्डिंगआधी चेंबर जाड प्लेटला बोल्टने कसा, नाहीतर कडा वाकून गळती लागते. वेल्डिंगचे थेंब छिन्नीने काढा: पंप फिल्टरच्या आधी असतो, त्यामुळे हे कण थेट त्याच्याच दातांत जातात. मग बाहेरून सांध्यांना खडू फासा, आत रॉकेल किंवा डिझेल भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी खडूवर ओलसर रेघ उमटली असेल, तिथे पुन्हा वेल्डिंग.