कॅन्सरसाठी लोक चालायला लागले ते कसे?

कॅन्सर संशोधनाच्या निधीसाठी निघणाऱ्या वॉकमध्ये नाव नोंदवताना एक शंका हमखास येते. प्रयोगशाळेला हवेत पैसे. मग त्यासाठी आपण पाय का झिजवायचे?

अशा वॉकला म्हणतात तो 'वॉकेथॉन' हा शब्द मुळात परोपकाराचा नव्हताच. १९३०च्या दशकात, महामंदीच्या काळात, अमेरिकेत नाचाच्या स्पर्धा दिवसेंदिवस चालत. त्राण संपलं की जोडपी नुसती पाय ओढत फिरायची आणि लोक तिकीट काढून ते बघायचे. त्या तमाशाला वॉकेथॉन म्हणत. दुसऱ्याची दमछाक बघायला लोक खिशात हात घालतात, हे तेव्हाच कळलं होतं.

त्याचा चांगला उपयोग केला तो पोर्तो रिकोतल्या एका विनोदी नटाने. 'दिप्लो' या नावाने लोकप्रिय असलेला रामोन रिवेरो १९५३ मध्ये सान हुआनहून पोन्सेपर्यंत, म्हणजे सुमारे ८० मैल, चालत गेला. तिथल्या कॅन्सरविरोधी संस्थेसाठी त्यातून ८५ हजार डॉलर जमले. पहिली वॉकेथॉन म्हणून बहुतेक वेळा तिचंच नाव घेतलं जातं.

मैलामागे अमुक इतके पैसे, असं ओळखीच्यांकडून आधी कबूल करून घ्यायची पद्धत साठच्या दशकात रुळली. कॅनडात १९६७ पासून 'माइल्स फॉर मिलियन्स' या पदयात्रांमध्ये हजारो लोक चालले, पण तो निधी गरीब देशांच्या मदतीसाठी होता. पद्धत मात्र फार सोयीची. नुसतं 'देणगी द्या' म्हणताना जीभ अडखळते. 'मी चालतोय, तू मैलामागे काय देशील?' हे विचारणं त्या मानाने सोपं.

संशोधनाचा धागा या सगळ्यात पक्का जोडला तो टेरी फॉक्स या कॅनडाच्या तरुणाने. १९७७ मध्ये, अठराव्या वर्षी, हाडाच्या कॅन्सरमुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. जगण्याची शक्यता ५० टक्के, असं त्याला सांगण्यात आलं. दोनच वर्षांपूर्वी ती १५ टक्के असती, हेही त्याला कळलं. मधला फरक संशोधनाने पाडला होता. १२ एप्रिल १९८० रोजी देशाच्या पूर्व टोकाच्या सेंट जॉन्सहून, कृत्रिम पायावर, तो कॅन्सर संशोधनासाठी पैसे जमवत कॅनडा धावत ओलांडायला निघाला. रोज साधारण एक मॅरेथॉन. सुरुवातीला फारसं कोणी फिरकलं नाही. मग दहा हजार वस्तीच्या पोर्ट ओ बास्क गावाने दहा हजार डॉलर जमवून दिले आणि माणशी एक डॉलर हा हिशेब त्याच्या मनात बसला. १४३ दिवस आणि ५,३७३ किलोमीटरनंतर, १ सप्टेंबरला थंडर बेजवळ त्याला थांबावं लागलं. कॅन्सर फुप्फुसांत पोचला होता. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत निधी २ कोटी ४० लाख डॉलरच्या पुढे गेला, म्हणजे तेव्हाच्या कॅनडात खरोखरच माणशी एक डॉलर. जूनमध्ये तो गेला. १३ सप्टेंबर १९८१ रोजी त्याच्या नावाची पहिली दौड झाली, तिच्यात तीन लाखांवर लोक आले. त्या दौडीत नंबर काढत नाहीत. चाला, धावा, चाकाच्या खुर्चीत बसून या. माझ्या मते स्पर्धा काढून टाकणं हीच त्यातली मोठी गोष्ट. एरवी त्यातल्या निम्म्या लोकांनी घरीच बसणं पसंत केलं असतं.

पुढचं भराभर घडलं. १९८३ मध्ये डॅलसला स्तनाच्या कॅन्सरसाठीची 'रेस फॉर द क्युअर' सुरू झाली. १९९४ मध्ये लंडनच्या बॅटरसी पार्कात फक्त बायकांची 'रेस फॉर लाइफ' झाली. पुरुषांना तिची दारं उघडायला २०१९ उजाडावं लागलं!

मधल्या काळात, मे १९८५ मध्ये, अमेरिकेतल्या टकोमा गावी डॉ. गॉर्डन क्लॅट हे सर्जन एका स्टेडियमच्या ट्रॅकवर २४ तास फेऱ्या मारत राहिले, ८३ मैलांहून जास्त. मित्र २५ डॉलर भरून अर्धा तास त्यांच्या सोबतीला येत. २७ हजार डॉलर जमले. पुढच्या वर्षी संघ आळीपाळीने चालू लागले आणि त्यातून 'रिले फॉर लाइफ' उभी राहिली. तिच्यात एक फेरी कॅन्सरमधून गेलेल्यांची असते. ती चालू असताना बाकीचे कडेला उभे राहून टाळ्या वाजवतात. मग तेही ट्रॅकवर उतरतात.