गालाचे हाड किंवा डोळ्याची खोबण मोडली: शस्त्रक्रिया कोणाला, कागदपत्रे कोणती, संमतीपत्रात काय पाहावे

गालाचे हाड मोडले म्हणजे शस्त्रक्रिया ठरलीच, असे नाही. हाड जागेवर असेल, तोंड नीट उघडत असेल आणि एकाचे दोन दिसत नसतील, तर मऊ आहार आणि फेरतपासणीवर भागते. गाल बसला असेल, जबडा अडत असेल, डोळा 2 मिलिमीटरहून जास्त आत गेला असेल किंवा दुहेरी दिसणे ओसरत नसेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. मोठ्यांमध्ये सूज उतरू देतात आणि साधारण दोन आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया उरकतात.

मुलांच्या बाबतीत मात्र थांबू नका. त्यांच्या खोबणीचे हाड लवचीक असल्याने मोडलेल्या फटीत डोळ्याचा स्नायू चिमटतो, आणि बाहेरून डोळा जवळजवळ साधाच दिसतो. वर पाहताना दुखणे, उलट्या, मंद नाडी ही त्याची लक्षणे. अशा वेळी 24 ते 48 तासांत स्नायू मोकळा करावा लागतो. कोणत्याही वयात नजर झपाट्याने कमी होत असेल, डोळा घट्ट होऊन पुढे आला असेल, तर कागद नंतर, आधी थेट अपघात विभाग.

दाखल होताना ओळखपत्र, विम्याची पूर्वमंजुरी, मारहाण किंवा अपघात असल्यास पोलीस नोंदीची प्रत आणि औषधांची यादी द्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आवर्जून सांगा. सीटी स्कॅनच्या रिपोर्टसोबत सीडीही न्या. स्कॅनमधल्या बारीक थरांच्या प्रतिमा सर्जनला स्वतः पाहायच्या असतात. जखमेआधीचा समोरून काढलेला फोटो गालाचा मूळ उंचवटा समजायला कामी येतो. माझ्या मते सर्वांत मोलाचा कागद नेत्रतज्ज्ञांच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीचा. पुढे नजरेची तक्रार आली, तर तुलनेला तोच आधार.

संमतीपत्रावर सही करण्याआधी एकच प्रश्न नक्की विचारा: छेद कुठून घेणार? नुसते दबलेले हाड उचलायचे असेल तर कानशिलाच्या केसांतून जाता येते. सर्जन गिलीज यांची ही पद्धत 1927 पासून चालत आली आहे. वरच्या हिरडीजवळून, तोंडाच्या आतूनही हाडापर्यंत पोहोचता येते, चेहऱ्यावर व्रण राहत नाही. टायटॅनियमची पट्टी बसवायची असल्यास भुवईच्या कडेला किंवा वरच्या पापणीच्या घडीत छेद घेतात. खोबणीच्या तळासाठी खालच्या पापणीच्या आतून गेल्यास व्रण दिसत नाही. पापण्यांच्या केसांखालून बाहेरचा छेद घेतला, तर पापणी खाली ओढली जाण्याचा धोका तुलनेने जास्त. हा धोका, गालाचा बधिरपणा आणि क्वचित दृष्टी जाण्याची शक्यता संमतीपत्रात लिहिलेली असावी.

घरी सोडताना नाक न शिंकरण्याची सूचना किती दिवसांसाठी आहे, ते लेखी घ्या.