केमोचा दुसरा आठवडा

स्तनाच्या कर्करोगावरची पहिली केमो घेऊन बाई घरी आली की सगळे तिच्या उलट्यांची धास्ती घेऊन बसतात. तीन-चार दिवस मळमळीत आणि थकव्यात जातात. सहाव्या-सातव्या दिवशी ती उठून स्वतः चहा करते, दोन घास जास्त जेवते आणि घर सुटकेचा निःश्वास टाकतं. खरं तर सगळ्यात जपायचे दिवस तिथूनच सुरू होतात, आणि ते नीट माहीत असलेली घरं फार थोडी असतात.

स्तनाच्या कर्करोगात अनेकींना आधी दोन औषधं एकत्र देतात: डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड. दोन किंवा तीन आठवड्यांच्या अंतराने, बहुतेक वेळा चारदा. दोन्ही औषधं पेशीतल्या डीएनएवर घाव घालतात, म्हणून सतत विभागणाऱ्या पेशी आधी मरतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतातच. पण अस्थिमज्जा (हाडांच्या आतला, रक्तपेशी बनवणारा गर), तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर, केसांची मुळं यांच्या पेशीही तशाच असतात. या प्रत्येक पेशीचं आयुष्य वेगळं, म्हणून त्रासाचे दिवसही वेगळे. कुठला त्रास साधारण कधी येणार हे आधी कळलं, तर निम्मी भीती तिथेच ओसरते.

डॉक्सोरुबिसिन लालभडक असतं. मातीतल्या एका जिवाणूपासून ते मिळालं. या औषधांच्या घराण्याचा शोध इटलीतल्या कास्तेल देल मोन्ते या किल्ल्याजवळच्या मातीतून सुरू झाला. सलाईननंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, तो औषधाचा रंग असतो. मात्र त्यानंतरही लाली राहिली किंवा जळजळ झाली तर लगेच कळवावं. सायक्लोफॉस्फामाइडचं विघटन होताना मूत्राशयाला झोंबणारं एक द्रव्य तयार होतं. भरपूर पाणी प्यायला आणि लघवी न तुंबवायला सांगतात ते त्यामुळेच.

मळमळ दोन टप्प्यांत येते. पहिल्या दिवशी लहान आतड्याच्या पेशींतून सेरोटोनिन सुटतं आणि तो निरोप मज्जातंतूवाटे मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला पोचतो. ऑन्डान्सेट्रॉन हा निरोप अडवतं. दुसऱ्या ते पाचव्या दिवसांतली मळमळ मुख्यतः ‘सबस्टन्स पी’ नावाच्या दुसऱ्याच द्रव्यामुळे होते. तिथे अॅप्रेपिटंटसारखी औषधं लागतात, काहींना रात्री ओलान्झापिन देतात. ‘मळमळलं तर घेऊ गोळी’ हा हिशेब इथे चालत नाही. लिहून दिलेल्या गोळ्या बरं वाटत असलं तरी वेळेवर घ्याव्यात. पहिल्या खेपेला उलट्यांनी हाल झाले, तर मेंदू ते लक्षात ठेवतो. मग पुढच्या खेपेला दवाखान्याच्या वासानेच पोटात ढवळू लागतं, आणि ही मळमळ गोळ्यांना फारशी दाद देत नाही. ऑन्डान्सेट्रॉनने बद्धकोष्ठ होतो, उलट्या थांबवायला सोबत देतात त्या स्टेरॉइडने झोप उडते आणि मधुमेह असेल तर साखर वाढते. हे सगळं डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे, त्यावर उपाय आहेत.

आता दुसरा आठवडा. जंतूंशी पहिली झुंज देणाऱ्या पांढऱ्या पेशी म्हणजे न्यूट्रोफिल. रक्तात त्या जेमतेम एखादा दिवस टिकतात. म्हणून निरोगी अस्थिमज्जा रोज अंदाजे दहा हजार कोटी नव्या पेशी बनवते. केमोने हे काम थंडावतं, तरी मज्जेत तयार असलेला साठा काही दिवस पुरतो. तिसऱ्या दिवशीचा रक्ताचा रिपोर्ट छान दिसतो तो यामुळे. साठा संपला की आकडा घसरतो. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत तो तळाला जातो आणि एकविसाव्या दिवसापर्यंत पुन्हा वर येतो. याच सुमारास तोंडही आलेलं असतं. अस्तर सोललेलं असल्याने आपल्याच तोंडातले, आतड्यातले जंतू रक्तात शिरू शकतात.

पू, सूज, लाली ही संसर्गाची नेहमीची खूण न्यूट्रोफिलच घडवतात. त्याच नसल्या तर अनेकदा एकच खूण उरते: ताप. म्हणून घरात थर्मामीटर हवाच. अंग गरम वाटलं, हुडहुडी भरली की लगेच ताप मोजावा. १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, किंवा त्याहून जास्त भरला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठावं. सकाळपर्यंत थांबू नये, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल घेऊन ताप झाकू नये. पोचताच ‘केमो चालू आहे, अमुक तारखेला झाली’ हे पहिलं वाक्य असावं, कारण शिरेतून अँटिबायोटिक तासाभरात सुरू होणं मोलाचं असतं. मुंबईत टाटाला केमो घेऊन विदर्भात किंवा कोकणात परतणाऱ्यांनी, घराजवळ कुठे रात्री रक्त तपासतात आणि सलाईन लावतात, हे निघण्यापूर्वीच ठरवून ठेवावं. काहींना केमोनंतर या पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन देतात. त्यानंतर कंबर, मांड्या ठणकतात. मज्जा जोमाने कामाला लागल्याने असं होतं.

जेवणाबद्दल उगाच धाक घालू नये. कच्चं सगळं बंद केल्याने संसर्ग घटतात, असं चाचण्यांत दिसलेलं नाही. घरचं ताजं, स्वच्छ धुतलेलं खावं. गाड्यावरचा रस, उघड्यावरच्या चटण्या टाळाव्यात. तोंड आलं असेल तर मऊ भात, पेज, आणि मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या. भेटायला येणाऱ्यांपैकी सर्दी-खोकलावाल्यांना मात्र स्पष्ट नाही म्हणावं, मग ते कितीही जवळचे असोत. प्रेमाने आणलेले काढेही बाजूला ठेवावेत. गुळवेल घेतलेल्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं आहे. डॉक्सोरुबिसिनचा निचरा यकृतच करतं, ते दुखावलं तर औषधाचा मारा वाढतो.

केस बहुधा दोन ते तीन आठवड्यांनी गळू लागतात, कधी मूठ-मूठ. आधीच बारीक कापून घेतले तर तो धक्का काहींना सोसवतो, काहींना नाही सोसवत. निर्णय तिचा. उपचार संपल्यावर केस परत येतात.

दुसऱ्या केमोआधी रक्त तपासतात. पेशी पुरेशा नसतील तर तारीख पुढे जाते. त्या भेटीत आपल्याकडच्या बायका हमखास ‘ठीक आहे’ म्हणून मोकळ्या होतात. त्याऐवजी किती उलट्या झाल्या, कितव्या दिवशी, ताप किती भरला, कुठली गोळी सोसली नाही, हे वहीत लिहून न्यावं. दुसऱ्या खेपेची औषधं त्यावरून बदलता येतात.