घरगुती उद्योगाची जीएसटी नोंदणी : अर्ज नेमका कुठे अडतो

छंद म्हणून केलेली आंबापोळी, कोकम आगळ किंवा रंगवलेली लाकडी खेळणी नियमितपणे विकली जाऊ लागली, की त्यातला नफा आयकराच्या दृष्टीने व्यवसायाचे उत्पन्न ठरतो. तपशीलवार हिशेब ठेवणे शक्य नसल्यास अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत रोख विक्रीच्या ८ टक्के आणि बँकेतून वा यूपीआयने आलेल्या रकमेच्या ६ टक्के नफा दाखवता येतो.

जीएसटीसाठी केवळ माल विकणाऱ्यांना महाराष्ट्रात वार्षिक ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. परंतु ही सवलत राज्यातल्या विक्रीपुरतीच आहे, हे फार जणांना उशिरा कळते. बांद्याहून पणजी कितीही जवळ वाटली तरी गोवा हे वेगळे राज्य आहे आणि तिथल्या दुकानाला आगळाची एक पेटी पाठवायची असली तरी आधी नोंदणी करावी लागते. सावंतवाडीच्या खेळण्यांसारख्या अधिसूचित हस्तकलेला परराज्यातील विक्रीसाठी २० लाखांपर्यंत सूट आहे, मात्र त्यासाठी पॅन हवा आणि माल कितीही कमी किमतीचा असला तरी ई-वे बिल (मालाच्या वाहतुकीसाठीचा ऑनलाइन दस्तऐवज) काढावे लागते.

पॅन, आधार, छायाचित्र ही कागदपत्रे सहज जमतात. अर्ज अडतो तो घराच्या पुराव्यावर. घर सासऱ्यांच्या किंवा आईच्या नावावर असेल, तर त्यांचे साध्या कागदावरचे संमतीपत्र, त्यांचे ओळखपत्र आणि घरपट्टीची पावती किंवा वीजबिल एवढे पुरेसे आहे. अधिकाऱ्यांनी याहून जास्त कागद मागू नयेत, असे केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने १७ एप्रिल २०२५ च्या सूचनेत स्पष्ट केले आहे. तरीही कुणी स्टॅम्प पेपरचा आग्रह धरला, तर या सूचनेचा लेखी उल्लेख अवश्य करावा. खरी अडचण असते ती कोकणातल्या असंख्य घरांची, जिथे वीजबिल आणि घरपत्रक अजूनही दिवंगत आजोबांच्या नावावर आहे आणि सहहिस्सेदार मुंबईत आहेत. दिवंगत व्यक्तीची संमती कोण देणार? म्हणून अर्जापूर्वीच ग्रामपंचायतीत वारसनोंद आणि महावितरणकडे नावबदल करून घ्यावा. या कामाला वेळ लागतो, त्यामुळे ते हंगामाच्या तोंडावर काढू नये.

अर्जात मोबाइल क्रमांक आणि ई-मेल स्वतःचाच द्यावा. सायबर कॅफेवाल्याचा दिल्यास त्रुटीची नोटीस त्याच्याकडे जाते, आणि उत्तरासाठी मिळणारे ७ कामकाजाचे दिवस नोटीस मिळाल्यापासून मोजले जातात. उत्तर पोर्टलवरच द्यावे लागते. अर्ज नामंजूर झालाच, तर आदेशातले कारण वाचून, तेवढी त्रुटी दूर करून नव्याने अर्ज करता येतो.