मृत्युपत्रीय देणगी-संकलन

मृत्युपत्रीय देणगी-संकलन : एखाद्याने आपल्या मृत्युपत्रात धर्मादाय संस्थेसाठी काही ठेवावे म्हणून त्याच्याशी बोलणे आणि त्याच्या पश्चात ते संस्थेच्या पदरात पाडून घेणे, असे हे दुहेरी काम. इंग्रजी वळणाने त्याला लेगसी फंडरेझिंग म्हणतात. मृत्युपत्राने दान करण्याची रीत जुनी आहे, पण त्यासाठी पगारी माणसे, परीक्षा, व्यावसायिक संघटना असा पूर्ण पेशा उभा राहिला तो ब्रिटनमध्ये. तिथल्या धर्मादाय संस्थांना या वाटेने वर्षाला सुमारे ४ अब्ज पौंड मिळतात. समुद्रात अडकलेल्यांना वाचवणाऱ्या रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशनची (स्थापना १८२४) नौका १० वेळा पाण्यात उतरली, तर त्यांतल्या ६ वेळचा खर्च मृतांनी ठेवलेल्या पैशातून निघतो, असे ती संस्थाच सांगते. कॅन्सर रिसर्च यूकेच्या उत्पन्नाचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग असाच येतो.

या वाढीमागे करही आहे. ब्रिटनमध्ये ३,२५,००० पौंडांवरच्या वारशावर साधारणपणे ४० टक्के कर लागतो. धर्मादाय संस्थेला ठेवलेली रक्कम त्यातून वगळली जाते आणि करपात्र मालमत्तेचा किमान दहावा हिस्सा दान केला, तर उरलेल्यावरचा दर ३६ टक्क्यांवर येतो. ही सवलत एप्रिल २०१२ पासूनची. मात्र केवळ कर वाचवायला कोणी दान करत नाही. कर वाचवायचा आणि पैसा घरातच ठेवायचा, याचे इतर मार्ग वकिलांना पाठ असतात. मूलबाळ नसणे हे त्याहून बलवान कारण दिसते. घरांच्या किमतींचाही मोठा हात आहे, कारण सामान्य माणसाची खरी पुंजी म्हणजे त्याचे राहते घर.

दान तीन प्रकारे ठेवता येते : ठरावीक रक्कम, एखादी विशिष्ट वस्तू, किंवा सगळी देणी भागवून उरलेल्या मालमत्तेतला हिस्सा. संस्थांचा डोळा तिसऱ्यावर असतो. आज लिहिलेले हजार पौंड २० वर्षांनी फुल ना फुलाची पाकळी उरतात. हिस्सा मात्र घराच्या भावाबरोबर वाढतो.

पेशाच्या दोन शाखा आहेत आणि त्यांचे स्वभाव वेगळे. मागणारी शाखा जिवंत माणसांशी बोलते : जुने देणगीदार, स्वयंसेवक, संस्था ज्या आजारावर काम करते त्यात जवळचे माणूस गमावलेले लोक. ‘शुभ बोल नाऱ्या’च्या धाकात वाढलेल्या आपल्याला हे काम अवघड वाटेल. तिथेही ते सोपे नाही, म्हणून बोलणे मरणावरून नव्हे तर आयुष्यावरून सुरू करतात. विचारण्याने फरक मात्र पडतो. इंग्लंडमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मृत्युपत्र करायला आलेल्यांपैकी काहींना दानाविषयी काहीच विचारले नाही. त्यांतल्या सुमारे ५ टक्क्यांनी दान ठेवले. नुसते विचारल्यावर प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास गेले. ‘आमचे बरेच ग्राहक ठेवतात, तुमच्या जिव्हाळ्याचे एखादे कार्य आहे का?’ असे विचारल्यावर ते १५ टक्क्यांवर पोचले. रिमेंबर अ चॅरिटी ही अनेक संस्थांची संयुक्त मोहीम याच धर्तीवर, मृत्युपत्राचा विषय चारचौघांत आणण्याचे काम करते.

पेशातली खरी अडचण मोजमापाची. आज ज्यांच्याशी बोललो त्यांचा पैसा यायला १०–१५ वर्षे सहज लागतात, तोवर विचारणारा दुसऱ्या नोकरीत गेलेला असतो. मृत्युपत्र कधीही बदलता येते, हे निराळेच. त्यामुळे कामाची कसोटी पैशावर लावता येत नाही. किती जणांनी चौकशी केली, किती जणांनी ‘तुमचे नाव घातले आहे’ असे कळवले, एवढेच मोजतात. तिमाही उद्दिष्टांची सवय झालेले वरिष्ठ इथे अधीर होतात आणि अधीर वरिष्ठ या कामाला सर्वांत घातक. एकट्या वृद्धावर दबाव आणल्याचा नुसता संशयही मृत्युपत्र न्यायालयात रद्द करायला वाट करून देतो. म्हणून मसुदा संस्थेचा माणूस लिहीत नाही. वकिलाची फी संस्थेने भरली, तरी वकील फक्त मृत्युपत्र करणाऱ्याचेच ऐकतो.

दुसरी शाखा मृत्यूनंतरची. प्रोबेट (मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयीन दाखला), घराची विक्री, हिशेब, कर आणि आईवडील नुकतेच गेलेल्या मुलाला पाठवायचे पत्र. वकिलांच्या कचेऱ्यांतून किंवा बँकांच्या वारसा विभागांतून आलेले बरेच लोक या शाखेत असतात. त्यांच्यासाठी इन्स्टिट्यूट ऑफ लेगसी मॅनेजमेंट ही संघटना असून ती प्रमाणपत्र अभ्यासक्रमही चालवते. मागणाऱ्या शाखेला अशी ठरलेली पायवाट नाही. देणगीदारांचे फोन घेता घेता माणसे तिथे पोचतात.

भांडणे होतातच. एका आईने मुलीला वगळून सुमारे ४,८६,००० पौंडांची मालमत्ता मुख्यतः प्राण्या-पक्ष्यांच्या तीन संस्थांना ठेवली. खालच्या न्यायालयाने मुलीला ५०,००० पौंड दिले, अपील न्यायालयाने ते बरेच वाढवले, आणि मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा ५०,००० वर आणले. संस्था कायद्याने जिंकल्या. लोकांच्या मनात किती जिंकल्या, हा प्रश्न वेगळा. पण दया आली म्हणून विश्वस्तांना हक्क सोडूनही देता येत नाही. नैतिक कारणासाठी मोठी रक्कम सोडायची, तर चॅरिटी कमिशन या धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेची परवानगी लागते.

भारतात रीत आहे, पेशा फारसा नाही. सर रतन टाटा १९१८ मध्ये वारले; त्यांच्या मृत्युपत्रानुसार १९१९ मध्ये त्यांच्या नावाचा न्यास उभा राहिला आणि त्यांचा कलासंग्रह मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाला मिळाला. संपदा शुल्क, म्हणजे मृताच्या मालमत्तेवरचा कर, १९८५ मध्ये रद्द झाल्यामुळे कराचे आमिष उरलेले नाही. महाराष्ट्रात मृत्युपत्राने सार्वजनिक न्यास निर्माण झाला, तर त्याच्या नोंदणीसाठी मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाला (त्याची अंमलबजावणी करणाऱ्याला) प्रोबेटपासून एक महिना किंवा मृत्यूपासून सहा महिने, यांतले जे आधी येईल त्या मुदतीत अर्ज करावा लागतो. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ११८ ने पुतण्या-भाच्यांइतके जवळचे नातेवाईक असलेल्या ख्रिश्चनांच्या धर्मादाय मृत्युपत्रांवर निर्बंध घातले होते; सर्वोच्च न्यायालयाने ते २००३ मध्ये घटनाबाह्य ठरवले. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नियमाने मुले असलेल्या माणसाला आपल्या निम्म्याच मालमत्तेची विल्हेवाट मनाप्रमाणे लावता येते, उरलेला अर्धा वाटा वारसांचा. इंग्लंडमधल्या त्या आईला असे मृत्युपत्र पणजीत करताच आले नसते.