पुस्तकातला अंश आणि घाटातले इंजिन

रत्नागिरीहून कोल्हापूरकडे निघालेली गाडी साखरपा मागे टाकते आणि आंबा घाटाची चढण सुरू होते, तेव्हा जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनाची खरी परीक्षा लागते. आमच्या घरच्या प्रीमिअर पद्मिनीने याच चढणीवर पहिल्यांदा तक्रार केली. टॉप गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येई आणि पाय उचलला की तो थांबे. गाडीचे हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, नुकतेच फेस करून (खालून घासून सपाट करून) घेतले होते, कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, अधिक उचल देणारा बसवला होता, आणि टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी किती आधी पडावी याचे अंशांतले माप, मात्र गाडीच्या पुस्तकात छापलेल्या आकड्यावर अगदी काटेकोरपणे लावलेले होते. चूक नेमकी तिथेच होती, कारण पुस्तकातला आकडा पुस्तकातल्या इंजिनासाठी असतो, आणि आमचे इंजिन आता ते राहिले नव्हते.

पिस्टन अगदी वर, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत टॉपला, पोहोचण्याच्या थोडे आधी प्लगला ठिणगी द्यावी लागते. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण एका क्षणात पेटत नाही. प्लगपाशी सुरू झालेली ज्योत सिलिंडरच्या कडेपर्यंत पोहोचायला एक-दोन मिलिसेकंद, कधी त्याहून थोडा अधिक वेळ घेते. सिलिंडरमधला दाब सर्वांत जास्त केव्हा व्हावा, तर पिस्टन टॉप ओलांडून क्रँक (पिस्टनच्या वरखाली होण्याने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) साधारण १५ अंश पुढे गेलेला असताना, कारण त्या वेळी कनेक्टिंग रॉड क्रँकला नीट रेटा देऊ शकतो. इंजिन मिनिटाला ८०० फेरे फिरत असेल तर एका मिलिसेकंदात क्रँक ४.८ अंश सरकतो; ३००० फेऱ्यांना तोच १८ अंश सरकतो. म्हणून वेग वाढला की ठिणगी आणखी आधी पडायला हवी. मात्र वेगाबरोबर सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या मिश्रणाची घुसळणही वाढते आणि ज्योत अधिक झपाट्याने पसरते, त्यामुळे ही वाढ एका मर्यादेनंतर थांबवता येते.

हे काम जुन्या गाडीत डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणारा भाग, करतो. बॅटरी, कॉइल आणि सी.बी. पॉइंटवर (उघडले की विजेचा प्रवाह तोडून ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांवर) चालणारी ही पद्धत चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केली आणि ती १९१० च्या कॅडिलॅक गाडीत आली. पद्मिनीच्या १०८९ सीसीच्या इंजिनातही मूळ तत्त्व तेच आहे. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्याच्यावर बसवलेली दोन छोटी वजने वेग वाढला की स्प्रिंगांना ताणून बाहेर फेकली जातात आणि पॉइंट उघडणाऱ्या कॅमला पुढे सरकवतात. ज्या डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूमची डबी असते, तिथे थ्रॉटल, म्हणजे अॅक्सिलरेटरने उघडणारी झडप, थोडाच उघडा असताना आणखी काही अंश मिळतात, कारण विरळ मिश्रण सावकाश जळते. पाय पूर्ण दाबला की व्हॅक्यूम नाहीसा होतो आणि ते जादाचे अंशही जातात.

म्हणजे टायमिंग हा एक आकडा नसून वेगाप्रमाणे चढत जाणारी एक रेषा आहे. आयडलिंगचे, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन मंद फिरते तेव्हाचे, सुरुवातीचे अंश आणि वजनांनी दिलेले अंश मिळून एकूण बेरीज होते, आणि इंजिनाचे भलेबुरे ठरवते ती ही बेरीज. इंजिनात बदल केले की या रेषेची दोन्ही टोके वेगवेगळ्या दिशांनी ओढली जातात, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

हेडचे उदाहरण घ्या. या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ७५ मिलिमीटर आहे, म्हणजे एका सिलिंडरची क्षमता सुमारे २७२ घन सेंटिमीटर. पिस्टन टॉपला असताना वर उरणारी जागा समजा ४३ घन सेंटिमीटर आहे. हेडवरून एक मिलिमीटर काढले तर त्यातली अंदाजे ३.६ घन सेंटिमीटर जागा जाते आणि कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण, ७.३ वरून ७.९ च्या आसपास पोहोचते. अधिक दाबलेले, अधिक तापलेले मिश्रण जास्त वेगाने जळते, त्याला एकूण अंश कमी लागतात. ते कमी केले नाहीत तर ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेट घेते. घाटात ऐकू आलेली खडखड तीच होती. तिला नॉकिंग म्हणतात, आणि ती बराच काळ चालू राहिली तर पिस्टनची कड झिजते, रिंगा तुटतात, हेड गॅसकेट जाते.

अधिक उचल आणि अधिक काळ उघडे राहणारा कॅम मात्र उलट मागणी करतो. त्याचे इनलेट आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काही काळ एकत्र उघडे असतात, त्यामुळे आयडलिंगला जळका धूर नव्या मिश्रणात मिसळतो, जळण मंदावते, इंजिन अडखळते. त्याला सुरुवातीचे अंश जास्त हवे असतात. आमच्या गाडीचे आयडलिंग सुधारावे म्हणून एका मेकॅनिकने डिस्ट्रिब्युटर कानाने ऐकत पुढे फिरवला. आयडलिंग खरेच छान झाले, पण घाटातली खडखड दुप्पट झाली. बॉडी फिरवली की सुरुवातीचे अंश वाढतात तसेच एकूण अंशही वाढतात, हे त्या वेळी कोणाच्याच ध्यानात आले नाही.

उपाय करायचा तर आधी टॉप खात्रीने शोधायला हवे, कारण जुन्या पुलीवरची खूण नेहमीच खरी असते असे नाही. आम्ही चारही प्लग काढले आणि एका जुन्या प्लगच्या आतली चिनी माती फोडून त्यात पोलादी दांडी बसवली. तो प्लग एक नंबर सिलिंडरला लावून इंजिन हाताने अलगद फिरवले, पिस्टन दांडीला टेकला तिथे पुलीवर खडूने रेघ मारली, मग उलट फिरवून दुसरी रेघ मारली. दोन रेघांच्या बरोबर मध्ये खरे टॉप असते. आमच्या पुलीवर ते कंपनीच्या खुणेपासून जवळजवळ तीन मिलिमीटर दूर निघाले. पुलीचा व्यास १२० मिलिमीटर असेल तर एक अंश म्हणजे परिघावर जेमतेम एक मिलिमीटर, म्हणजे इतके दिवस आम्ही तीन अंशांच्या चुकीवर गाडी चालवत होतो.

त्यानंतर पॉइंटचा गॅप. फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) तो ०.४ ते ०.५ मिलिमीटरच्या दरम्यान बसवावा आणि हे टायमिंगच्या आधी करावे, कारण गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे जाते. मग व्हॅक्यूमचा पाइप काढून त्याचे तोंड बंद करावे, टायमिंग लाइटची, म्हणजे ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याची, क्लिप एक नंबर प्लगच्या वायरला लावावी, इंजिन सुरू करावे. जांभ्याच्या भिंतीच्या त्या अंधाऱ्या गॅरेजमध्ये पांढऱ्या खडूची रेघ फिरत्या पुलीवर जागच्या जागी थिजल्यासारखी दिसली, आणि अॅक्सिलरेटर दाबताच ती हळूहळू सरकू लागली. रेघ थरथरत असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचे बुश झिजलेले असतात आणि ते बदलल्याशिवाय पुढचे सगळे मोजमाप व्यर्थ आहे. या वेळी फॅनपासून सैल बाही आणि हात दूर ठेवावेत. फिरते पाते त्या प्रकाशात थांबलेले वाटते.

आमच्याकडे सुरुवातीचे अंश १० आणि वजनांचे २४, एकूण ३४ निघाले. हवे होते सुरुवातीला १६ आणि एकूण ३२. म्हणून वजनांचे अंश क्रँकवर १६, म्हणजे डिस्ट्रिब्युटरवर ८ इतकेच ठेवावे लागले. वजनांना अडवणाऱ्या खाचेत पितळेचा थर देऊन ती कानसीने हळूहळू घासत आम्ही तिथे पोहोचलो. हे काम तीनदा खोलून तीनदा बसवावे लागले, पण त्याला दुसरा मार्ग नाही.

किनाऱ्याच्या हवेचाही यात वाटा आहे. समुद्रसपाटीवर हवा दाट असते. घाटमाथ्यावर, सुमारे ६०० मीटर उंचीवर, तिचा दाब साधारण ७ टक्क्यांनी कमी होतो. म्हणून पुण्या-कोल्हापूरकडे नॉकिंगच्या अगदी काठावर लावलेले टायमिंग खाली आल्यावर नॉक करू शकते, आणि चाचणी घाटाच्या पायथ्याशीच घ्यावी. आषाढातल्या ३० अंश तापमानाच्या, ९० टक्के आर्द्रतेच्या हवेत प्रत्येक किलोमागे २४ ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ असते. ती जळण मंद करते आणि नॉकिंग दाबून ठेवते. पौषात डोंगराकडून कोरडी हवा येऊ लागली की तेच टायमिंग जास्त वाटते, आणि मे महिन्याच्या दुपारी कार्ब्युरेटरमध्ये शिरणारी हवाच तापलेली असते. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत खारट ओल साचून विजेला वाट मिळते आणि इंजिन मिस मारते. पुष्कळ जण ते टायमिंगचे काम समजून डिस्ट्रिब्युटर फिरवतात, वास्तविक टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसली की बऱ्याचदा भागते.

पेट्रोलही बदलले आहे. देशात शिशाचे पेट्रोल २००० साली बंद झाले, आणि आता त्यात इथेनॉल मिसळलेले मिळते. इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंगला तोंड देण्याची क्षमता, अधिक असल्याने नॉकिंग उशिरा सुरू होते, हा फायदा आहे. मात्र त्याला जळायला हवा कमी लागते, आणि जुन्या कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे छिद्र, हे ओळखून स्वतःला जुळवून घेत नाही. मिश्रण पातळ होते, म्हणजे त्यात हवा गरजेपेक्षा जास्त होते, ते सावकाश जळते, इंजिन तापते. जेट एक नंबर मोठा करून मगच अंशांना हात लावावा, असे माझे मत आहे.

आम्ही साखरप्याला पुन्हा गेलो तेव्हा गाडीत चार माणसे होती, आणि काचा मुद्दाम खाली केल्या होत्या. टॉप गिअरमध्ये, पूर्ण थ्रॉटलवर, पहिल्या वळणाच्या आधी एक हलकी खडखड दोन-तीन सेकंद आली. रस्त्याकडेला थांबून डिस्ट्रिब्युटरची बॉडी एक अंश मागे घेतली, म्हणजे क्रँकचे दोन अंश कमी केले, आणि तीच चढण पुन्हा चढलो. दुसऱ्या वेळी फक्त टायरांचा आणि वाऱ्याचा आवाज होता. घरी आल्यावर प्लग काढून पाहिले. पोर्सिलेनवर विटकरी-तपकिरी रंग एकसारखा होता, काळी काजळी नव्हती आणि अॅल्युमिनियमचे चमकते कणही नव्हते. डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीवर आणि ब्लॉकवर एकाच सरळ रेषेत पांढऱ्या रंगाचा फटका मारून ठेवला आहे.